खोली बघायला आलेली

"घरात मानसं किती?" खाटेवरून न उठताच म्हातारीनं विचारलं.

"तिघं. मी, हे आणि ही पिंकी." वर्षालीनं कडेवरची पोर सावरली. खोटं बोलायची सवय नसली की माणूस खऱ्या गोष्टीसुद्धा चाचरत सांगतो, तसं तिचं झालं होतं.

खोटं एवढंच होतं, की तिला खोली भाड्यानं नको होती. तिला ही अख्खी चाळ विकत घ्यायची होती.

भोसरीच्या आतल्या गल्लीत, अर्ध्या गुंठ्यावर, खाली दोन आणि वर दोन अशा चार खोल्या. एजंट शेखरनं सकाळीच बजावलं होतं, "ताई, भाडेकरू म्हणून जा. खरं भाडं, खरं पाणी, सगळं कळतं. विकत घ्यायचंय म्हटलं की माणसं तोंड मिटतात. तुमचा आकडा मालकाला पटलाय, पण सहाच्या आत हो की नाही ते सांगा. दुसरी पार्टी कमी देतेय, पण रोख देतेय."

वर्षालीच्या वहीत दर जानेवारीला पहिल्या पानावर वर्षाची उद्दिष्टं लिहिली जात. तीन वर्षं पहिली ओळ तीच होती : जिचं भाडं येईल अशी एक जागा. खाली, जरा बारीक अक्षरात : सुजितची रात्रपाळी बंद. भाड्यावर घर चाललं की नवरा चाकणच्या कंपनीत रात्री जागणार नाही, लेक बापाला दिवसाउजेडी ओळखेल. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे तिच्या लेखी एवढंच. एक वर्ष बाळंतपणात गेलं, एक सासऱ्यांच्या ऑपरेशनात. यंदा मात्र बँकेनं कर्ज मंजूर केलं होतं, पाटल्या मोडून टोकन जमवलं होतं, आणि डिसेंबरचे नऊ दिवस उरले होते. "वही भरत आली तुझी," सुजित चिडवायचा, "खोली काय दिसंना."

"मालक काय करत्यात तुजं?" म्हातारी गहू निवडत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, शेजारी नुकतीच काव दिलेली तुळशीची कुंडी. चाळमालकाची आईच असणार, वर्षालीनं ताडलं.

"कंपनीत आहेत. शिफ्ट असते."

"बरं. वरची खोली रिकामी हाय. बघ जाऊन. जिना जपून चढ, तिसरी पायरी हलती."

तिसरी पायरी खरंच हलत होती. खोलीत खिडकीखाली ओल होती. बोट लावलं तर पोपडा हातात आला. वर्षाली खाली आली तेव्हा पिंकीच्या हातातही एक पोपडा होता.

"भाडं किती, आजी?"

"पाच हजार. येतं तवा येतं. पलीकडचा गडी दोन म्हैनं झालं टाळं लावून गेलाय. फोनबी उचलीत न्हाई."

वर्षालीनं मनातल्या मनात चारातून एक वजा केला.

"आणि पाणी?"

"दिसाआड. पहाटं अर्धा तास. चार घरांत एक नळ."

"मग भांडणं होत असतील."

"व्हत्यात की. करमनूक तेवडीच."

वर्षाली हसली, आणि हसण्याच्या नादात विचारून बसली, "ड्रेनेजची लाइन स्वतंत्र आहे का?"

म्हातारीची बोटं गव्हात थांबली. तिनं वर पाहिलं. पायातल्या चपलेपासून खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या वहीपर्यंत, सावकाश.

"भाड्यानं ऱ्हानारीला गटारीचं काय गं?"

"बाळ आहे ना," वर्षालीनं पिंकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "डास होतात."

म्हातारीनं पिंकीचा गाल बोटानं टोकला. "खरंय, बाय. लेकुरवाळी हाईस म्हून सांगते. त्या भितीवरची निशानी बघ."

रस्त्याकडच्या भिंतीवर तांबडी, ठसठशीत फुली होती.

"रस्ता मोटा हुनार हाय म्हनं. फुडच्या दोन खोल्या जात्याल."

"कधी?"

"आज, उंद्या, न्हाईतर धा वर्सांनी. मशीन काय इचारून येतंय?"

"मग तुमचं काय, आजी?"

"माजं काय? बारा वर्सं काढली हितं. अजून किती ऱ्हायली?" म्हातारीनं सूप झटकलं. "दुसरीकडं बघ, पोरी. हितं पैसं नगं अडकवूस."

वर्षालीला भरून आलं. स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर जायच्या वाटेवर, आणि ही बाई परक्या लेकराची काळजी करतेय. तिनं वाकून नमस्कार केला. म्हातारीनं पिंकीच्या मुठीत बिस्कीट कोंबलं.

कोपऱ्यावर शेअर रिक्षा भरत होत्या. सहाला वीस मिनिटं कमी होती. सुजित आज कुणाच्या तरी बदली दुपारपाळीला गेलेला, फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, म्हणजे ठरवायचं होतं ते एकटीनं. समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून तिनं पुन्हा हिशेब मांडला. दोन खोल्या गेल्या, एक बंद, तर एका खोलीच्या भाड्यात हप्ता कुठून निघणार? उलट सुजितला ओव्हरटाइम करावा लागेल. पिंकी बिस्कीट खाऊन तिच्या खांद्यावर पेंगली.

तिनं फोन लावला. "शेखरभाऊ, आमचं नाही."

"ताई, नीट विचार केलात? ह्या भावात पुन्हा मिळायचं नाही. झालं काय?"

म्हातारीनं सांगितलं म्हणावं, तर उद्या मुलगा तिलाच बोल लावायचा. "काही नाही. मन घेत नाही."

"तुमची मर्जी. मग दुसऱ्या पार्टीला हो म्हणतो."

वर्षालीला राहवलं नाही. "भाऊ, त्यांनी जागा नीट बघितलीय ना? उगाच कुणी गरीब फसायला नको."

पलीकडून शेखर मोकळेपणानं हसला. "त्या कसल्या फसतायत, ताई? शालनबाई बारा वर्षं तिथंच भाड्यानं राहतायत. दारात खाट टाकून बसलेल्या दिसल्या असतील तुम्हाला. दर साली एक चाळ घेतात, ही त्यांची तिसरी."