पावत्यांसकट गाडी

म्हाताऱ्याच्या थोरल्या नातीला जुळं झालं, त्या वर्षी गाडीची किंमत करायला कोर्टाचा साहेब दारात आला. म्हातारा त्याच्या आधीच अंगणात येऊन उभा होता. दाढी गुळगुळीत केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा.

मुलगा नुकताच बसमधून उतरून घरात शिरला होता. दोन दिवस परगावच्या कोर्टात घालवून, दिवाळखोरीचा अर्ज देऊन आला होता. छापखाना बुडाला होता. यंत्रं गेली, कागदाचा साठा गेला, आता गाडी तेवढी उरली होती. वकीलबाईंनी त्याला बजावलं होतं, "कायद्याने घरची एक गाडी ठेवता येते, पण ठरावीक किमतीच्या आतली. तुमची जेमतेम आत बसते. तिला हात लावू नका. काही लपवू नका आणि काही सुधारूही नका."

त्याने हात लावला नव्हता. इंजिन खोकत होतं, मागचं दार चेपलेलं होतं, टायर घासून सपाट झाले होते. तरी ती आठवड्यातून तीनदा म्हाताऱ्याला डायलिसिसला नेत होती आणि परत आणत होती. इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बसने जायचं तर मध्ये बस बदलावी लागे, आणि डायलिसिसनंतर म्हाताऱ्याचे पाय उभं राहू देत नसत. गाडी वाचवायची होती ती तेवढ्यासाठी.

म्हाताऱ्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस. कुणाचा साधा पाना उसना आणला तर संध्याकाळच्या आत पुसून परत द्यायचा. मुलगा दिवाळखोर झाला हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मुलगा आणि सून दोघंही गप्प राहिली होती.

"या साहेब, नीट बघून घ्या," म्हातारा म्हणाला आणि त्याने गाडीवरचं कव्हर ओढलं.

मुलगा आणि सून घरातून पायरीवर आली. दाराचा चेप गेला होता. नवा रंग उन्हात चमकत होता. चारही टायर कोरे करकरीत. साहेबाने चावी फिरवली. इंजिन सुरू झालेलं कळलंसुद्धा नाही.

"हे कधी झालं?" मुलाने बायकोला हळूच विचारलं.

"तुम्ही नव्हता तेव्हा. त्यांचे जुने शागीर्द आले होते दोघं. आता तेही आजोबा झालेत. दोन्ही दिवस मी कामावरून आले तेव्हा कव्हर घातलेलं होतं. मला वाटलं, धुऊनपुसून ठेवलीय."

मुलगा पुढे झाला. "बाबा, ऊन आहे. तुम्ही आत बसा."

म्हाताऱ्याने त्याला बाजूला ओढलं. "मला काय कळत नाही होय रे? महिनाभर गाडीचे कागद घेऊन बसतोस, बायकोशी कुजबुजतोस. किंमत करायला साहेब कधी यायचा, तेही ऐकलं मी. अडचणीत आहेस, गाडी विकायचीय, आणि बापाला सांगायची लाज वाटते. खोकणाऱ्या गाडीला भंगाराचा भाव येतो, बाळा. आता तू गप्प उभा राहा. बोलायचं काम माझं."

आणि तो बोलत सुटला. साहेबाच्या मागे मागे फिरला. बॉनेट उघडून दाखवलं. इंजिनाच्या रिंगा नव्या, क्लच नवा. "नुसतं तोंडाने सांगत नाही, ह्या पावत्या," म्हणत त्याने सदऱ्याच्या खिशातून कागद काढले. पेन्शनमधून बाजूला टाकलेलं सगळं त्या पावत्यांमध्ये गेलं होतं. साहेबाने एकेक पावती तारखेसकट उतरवून घेतली.

मुलाने साहेबाला फाटकापाशी गाठलं. "साहेब, हे त्यांनी केलंय, स्वतःच्या पैशाने. मला ठाऊक नव्हतं. गाडी त्यांच्याच आजारपणाला लागते."

"असेल," साहेब म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "पण कुणी केलं आणि कशाला लागते, याला माझ्या कागदात रकाना नाही. समोर उभी आहे तिची किंमत लिहायची." मग जरा थांबून म्हणाला, "काम मात्र सुरेख केलंय हो."

त्याने आकडा लिहिला. तो कायद्याच्या मर्यादेच्या वर होता. बराच वर.

"काय रे, किती आली?" म्हाताऱ्याने लांबूनच विचारलं. मुलाने आकडा सांगितला. म्हातारा सुनेकडे वळला. "बघितलंस? हा एकटा असता तर फुकापासरी देऊन मोकळा झाला असता."

"हो बाबा," मुलगा म्हणाला. "तुमच्यामुळेच आली."

तीन आठवड्यांनी कोर्टाची दोन माणसं येऊन देणेकऱ्यांच्या वसुलीसाठी गाडी घेऊन गेली. क्लच नवा आहे, हलक्या पायाने दाबा, असं म्हाताऱ्याने त्यांना दोनदा सांगितलं.

मग बस सुरू झाली. मुलगा आणि सून आळीपाळीने सुट्टी काढून त्याला नेत. बसमध्ये शेजारी कुणीही बसो, म्हातारा गाडीला किती किंमत आणली ते सांगायचा. एकदा तो मुलाला म्हणाला, "एवढे पैसे आले, तर एखादी लहानशी घे की. जुनी चालेल. मी बघून देतो."

"बघू, बाबा," मुलगा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बघत बसला. दोन थांबे गेले.

"नको, राहू दे," तो म्हणाला. "बसच बरी. माणसं भेटतात."

त्यानंतर त्याने गाडीची किंमत कुणालाच सांगितली नाही.

त्याच वर्षी एकोणीस नोव्हेंबरला, गुरुवारी दुपारी, डायलिसिसहून परत येताना थांब्यावर दुसऱ्या बसची वाट बघत बसला असता म्हातारा वारला.