दोन सोंगट्या

आई पहिल्यांदाच स्टेजवर गाणार होती, आणि ऐन वेळी माझ्या गिटारची एक तार तुटली. या गिटारचा ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, स्प्रिंगांवर तरंगतो. एकत्र कुटुंबात एक जण जेवायला आला नाही की सगळ्यांचीच ताटं खोळंबतात, तशा एक तार गेली की उरलेल्या पाचही बेसूर होतात.

ब्रिजखालच्या फटीत लाकूड ठोकून तो जाम करायचा, एवढाच उपाय होता. शेजारच्या टेबलावर सोसायटीच्या कॅरम फायनलचा डबा होता. हाताला लागल्या त्या दोन सोंगट्या ठोकल्या. मापाने केल्यासारख्या बसल्या. आईने सूर लावला.

दुसऱ्या कडव्याला खाली गडबड उडाली. कॅरमची राणी सापडत नव्हती. फायनलला होते माझे बाबा, दरवर्षीचे उपविजेते. ते टेबलाखाली ओणवे होऊन शोधत होते. तेव्हा मला आठवलं, त्या दोन सोंगट्यांतली एक लाल होती. आईची अजून चार गाणी बाकी होती आणि हॉल नऊला रिकामा करायचा होता.

"राणी गिटारमध्ये आहे," मी माइकवर सांगून टाकलं.

"मग काढ की!" बाबा टेबलाखालून ओरडले.

"काढलीस तर घरी येऊ नकोस," आई म्हणाली. तीही माइकवरच.

"आणि नाही काढलीस, तरी येऊ नकोस," टेबलाखालून बाबा.

सेक्रेटरी दाभाडेकाकांनी कोपऱ्यातली एक सतरंजी उचलली, झटकली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली.