माहिती कोणी दिली

"नातेवाईक काय सांगतात यापेक्षा कसं सांगतात ते ऐका," हे मी वीस वर्षं माझ्या ज्युनियर डॉक्टरांना सांगत आले. "'नेहमी' आणि 'कधीच नाही' म्हणणारा माणूस पेशंटजवळ राहत नसतो. जवळ राहणारा वार सांगतो, वेळ सांगतो."

आज ओपीडीत मी टेबलाच्या अलीकडे, नातेवाइकांच्या खुर्चीत बसले होते. शेजारी व्हीलचेअरवर आई. समोर केसपेपर भरत होता माझाच विद्यार्थी, अभिषेक.

"मॅडम, आजींचं जेवण?"

"नेहमी व्यवस्थित जेवते."

"झोप?"

"कधीच तक्रार नसते तिची."

अभिषेकचं पेन थांबलं. त्यानं वर बघायचं टाळलं. माझे शब्द मलाही ऐकू आले होते, पण दुसरे सापडेनात. थकले होते मी, एवढंच खरं.

व्हीलचेअरमागे बलजीत उभी होती. ती रोज शहराबाहेरच्या पिंजौरहून बसने येते आणि दिवसभर आईचं सगळं करते. ती हळूच म्हणाली, "बुधवार से रोटी दूध में भिगोके देती हूँ जी. रात को नहीं सोतीं, दोपहर दो बजे आँख लगती है. कल नहलाते टाइम मुझे इंदू कहके बुला रही थीं."

इंदू हे माझं घरचं नाव.

'माहिती कोणी दिली' या रकान्यात अभिषेकनं सुरुवातीलाच 'मुलगी' लिहून ठेवलं होतं.

"खोड ते," मी म्हटलं आणि उठून माझी खुर्ची बलजीतला दिली.