योरिसची चामडी बॅग

बॅग खुर्चीवर नव्हती, टेबलाखाली नव्हती, कॉफीच्या यंत्रामागेही नव्हती. योरिसने शेडमागे जाऊन सायकलचं कॅरियर तिसऱ्यांदा बघितलं. पावणेदहा झाले होते. दहा वाजता मालकांना अहवाल द्यायचा, आणि तो अहवाल बॅगेत. दोन महिन्यांच्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस. नोकरी राहणार की जाणार, ते आजच ठरायचं होतं.

"माझी बॅग पाहिली का कुणी?" त्याने आत येऊन विचारलं.

पट्ट्यापाशी बसलेल्या बावीस बायकांपैकी एकीनेही मान वर केली नाही. ट्यूलिपचे कंद सरकत येत होते. जुनं सालपट काढायचं, मोठ्या कंदाला चिकटलेली पिल्लं सुटी करायची, क्रेटमध्ये टाकायचं. हात चालू, तोंडं बंद. एरवी या बायकांची तोंडं बंद असतात होय!

"शाळेतल्या पोरासारखं दप्तर हरवलंत की काय, साहेब?" रीक म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं.

यांनीच लपवली, योरिसच्या मनात आलं. आणि त्यांचं तरी काय चुकलं?

ही रीक एकोणीस वर्षं शेड चालवत होती. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, सगळं तिला तोंडपाठ. पण मॅनेजर म्हणून तिच्या नावाची पाटी कधी लागली नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून कंद सोलायला बसलेली बाई ती. मालक गेरब्रांट यांना डिग्रीवाला हवा होता. दोन आले, दोघेही महिन्याभरात पळाले. तिसरा हा योरिस. चोवीस वर्षांचा, व्यवस्थापनाची पदवी घेतलेला, आणि हातात आईने पदवीची भेट म्हणून दिलेली चामडी बॅग.

आल्या आल्या त्याने भिंतीवर फळा लावला. तासाला कुणाचे किती क्रेट. सगळ्यात खाली नेहमी ट्रुस. सदुसष्ट वर्षांची, संथ, दिवसभर काहीतरी हुंगत बसणारी. हिला काढायला हवं, असं योरिसने दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं. तेव्हा रीक एवढंच म्हणाली होती, "साहेब, तुमची शाळा संपली असेल. इथली अजून सुरू व्हायचीय."

गेल्या सोमवारी तो ट्रुसला नारळ द्यायला गेला. समोर उभा राहिला, तर ती एकच कंद पुन्हा पुन्हा हुंगत होती. शेवटी स्टूल ओढून शेजारी बसला आणि विचारलं, "ट्रुस, तुम्हाला एवढा वेळ का लागतो?"

"दोन महिने होत आले, आत्ता विचारतोयस होय रे?" ट्रुसने एक कंद त्याच्या नाकाशी धरला. आंबूस वास आला. बाहेरून गुटगुटीत, आतून सडका. असला एक क्रेटमध्ये गेला की शेजारच्यांनाही नासवतो. बाकीच्या एकवीस जणी भराभर सोलायच्या त्या ट्रुसच्या नाकाच्या भरवशावर. जरा शंका आली, की कंद तिच्याकडे.

योरिस दिवसभर तिथेच बसून सोलत राहिला. बोटं हुळहुळली. संध्याकाळी त्याने फळा स्वतःच्या हाताने पुसला, आणि दुसऱ्या दिवशी नवा तक्ता केला: ट्रुसने काढलेला सडका कंद कुठल्या शेतातला. चार दिवसांत कळलं, बहुतेक सगळे एकाच शेतातले, कालव्याकाठच्या. असं मांडून बघायचं रीकला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं. ती तक्त्यापुढे बराच वेळ उभी होती.

आणि मालकांनी निर्णय सोपवला होता तिच्यावरच! "ठेवू की जाऊ दे, तू सांग." योरिसला हे ठाऊक होतं. जिच्या डोक्यावर आपण येऊन बसलो, ती काय चांगलं सांगणार?

त्यात आज सगळं गाव खुशीत. काल शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला. इथली रीतच अशी, ज्या घरचं पोर पास, त्या घरावर झेंडा, आणि काठीच्या टोकाला त्या पोराचं दप्तर. ट्रुसच्या नातीचंही चढलं होतं, म्हणून सकाळीच पट्ट्यापाशी केक फिरला. "आमच्या घरी काठी होती. माझं दप्तर तेवढं कधी चढलं नाही," रीक हसत म्हणाली. केक मात्र बराच वेळ तिच्या हातात तसाच होता.

दहा वाजले. योरिस रिकाम्या हातांनी मालकांपुढे उभा राहिला.

"अहवाल?"

"हरवला. बॅगेसकट."

"बरं." गेरब्रांट उठले. "तसंही मला रीकचं मत हवं होतं. तिला विचारलं, तर म्हणते, बाहेर लावलंय, बघून घे. चल."

बाहेर बावीस बायका उभ्या होत्या. भर हंगामात पट्टा बंद! शेडच्या काठीवर झेंडा फडफडत होता, आणि टोकाला चामडी बॅग वाऱ्यावर डुलत होती.

"तुझं चीजचं सँडविच काढून ठेवलंय हो," ट्रुस म्हणाली. "नाहीतर सीगल पाखरांनी अहवालासकट खाल्लं असतं."

गेरब्रांटनी वर पाहिलं, मग रीककडे. "म्हणजे ठेवायचा ना गं याला?"

रीकने एप्रनला हात पुसले.

"ठेव," ती म्हणाली. "माझ्या शाळेतून पास झालेला पहिलाच आहे."