वागणं जुळत नाही

इचलकरंजीचे अण्णा चौगुले जेवायला बसले होते. भाकरी मोडताना फोन वाजला आणि पडद्यावर मुलाचं, नितीनचं नाव आलं. तब्बल सहा वर्षांनी.

"अण्णा, माझं चुकलं," नितीन म्हणाला, आणि फोन कटला.

"आवाज जुळतो, वागणं जुळत नाही," फोनमधला पहारेकरी म्हणाला. "या माणसाने आजवर कधीही माफी मागितलेली नाही. हा भामटा असावा."

पोटच्या पोरांच्या नकली आवाजात रडून भामट्यांनी कितीतरी म्हाताऱ्यांची घरं लिहून घेतली होती. तेव्हापासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये कायद्यानेच पहारेकरी बसवलेला असे. संशय आला की तो फोन तोडत असे, आणि तो बंद करता येत नसे.

फोन पुन्हा वाजला.

"अण्णा, जेवलात का?"

पुन्हा कटला. "हा प्रश्न या माणसाने तुम्हाला कधीच विचारलेला नाही."

अण्णांना तेही खोटं म्हणता येईना. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

तिसऱ्यांदा फोन उचलताच नितीन ओरडला, "ए म्हाताऱ्या! ते डबडं फेकून दे, नाहीतर तिथं येऊन तुझ्या टाळक्यात घालीन!"

पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"ओळख पटली," पहारेकरी अदबीने म्हणाला. "हा तुमचाच मुलगा आहे. बोला."

पलीकडून नितीनचा हुंदका ऐकू आला, तसा हिरवा दिवा पिवळा होऊ लागला.

"शिव्या दे रे," अण्णा घाईघाईने म्हणाले. "थांबू नकोस, बाळा, शिव्या दे."