अंगावरच्या कपड्यांनिशी

डिम्फना हर्लीने बूट काढून धक्क्यावर ठेवले आणि पाण्याकडे बघितलं. मे उजाडला होता, पण बंदरातलं पाणी अजून जानेवारीतच होतं.

"मोज्यांचं काय?" तिने विचारलं.

"मोजे राहू देत," ओर्ला म्हणाली. क्लबची ही नवी सेक्रेटरी वयाने डिम्फनाच्या मुलीएवढी होती. "बुटांना सूट आहे, मोज्यांना नाही." मग ओशाळून म्हणाली, "नियम तुमचाच आहे ना."

नियम तिचाच होता. पंचवीस वर्षांपूर्वी ती क्लबची अध्यक्ष असताना एक म्हातारा खलाशी बंदराच्या तोंडाशी बुडाला, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या हिवाळ्यात डिम्फनाने बैठकीत टेबलावर मूठ आपटून ठराव करून घेतला. साठी ओलांडलेल्याला खलाशी सभासद व्हायचं असेल, तर त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी पन्नास मीटर पोहून दाखवायचं. होडीच्या मालकांना ही अट नव्हती. मत मालकांनाच होतं, आणि स्वतःला गार पाण्यात ढकलायला कोण हात वर करणार?

तेव्हा ती मालकीण होती. आता अडुसष्टाव्या वर्षी खुबा बदलून झाला होता, एकटीने शीड चढवणं जमेना म्हणून होडी विकली होती, आणि होडीबरोबर सहाशे युरोंची मोठी सभासदीही गेली होती. उरली होती नव्वद युरोंची खलाशी सभासदी. तिला मत नाही, होडी नांगरायला जागा नाही, वर्षाच्या जेवणाला खुर्ची दाराजवळची. पण बुधवारी संध्याकाळी शर्यतीत दुसऱ्याच्या होडीवर बसून दोर ओढता येतो. भाच्याने तिला आपल्या होडीवर घ्यायचं कबूल केलं होतं, अर्जावर सहीही ठोकली होती. राहिलं होतं ते एवढंच.

साक्षीदार जुना सभासद लागायचा. त्या सकाळी मोकळा सापडला तो मॅलकी. सगळ्या बंदरात तिला नको असलेला तेवढा एकच माणूस होता.

नऊ वर्षांपूर्वी मॅलकी याच धक्क्याच्या कडेने पोहला होता. पंचेचाळीस मीटरवर त्याचा दम संपला आणि त्याने दोर धरला. वर साक्षीदार म्हणून डिम्फना उभी होती. टपालाने त्याच्या घरी तिच्या अक्षरातला कागद गेला : नापास. तो अख्खा उन्हाळा मॅलकीने शर्यती किनाऱ्यावरून बघितल्या. पुढच्या वर्षी तो पास झाला, पण तिच्याशी हवापाण्यापलीकडे कधी बोलला नाही.

"ओर्ला म्हणत होती, तुला सूट देऊ या," मॅलकी म्हणाला. "मी म्हटलं, नको. बाईंना राग येईल."

"बरोबर म्हटलंस," डिम्फना म्हणाली. खरं तर आला नसता.

ती शिडीवरून खाली उतरली. पाण्याने छाती अशी आवळली की पहिला श्वास घशातच अडकला. मग हात चालू लागले. धक्क्याला दर दहा मीटरवर एक लोखंडी कडी होती, अशा पाच. पहिली गेली, दुसरी गेली. नवा खुबा इमानाने चालत होता. तिसरीपाशी लोकरीचा स्वेटर ओल्या पोत्यासारखा जड झाला. चौथी मागे पडली, आणि जुन्या, भरवशाच्या पायाच्या पोटरीत गोळा आला.

पाय दगडासारखा झाला. तोंडात खारं पाणी गेलं. धक्क्याचा दोर हातभर अंतरावर लोंबत होता. तिने हात उचलला.

"धरू नकोस!"

मॅलकी धक्क्याच्या कडेला गुडघ्यांवर आला होता. त्याची टोपी पाण्यात पडली, तिकडे त्याने बघितलंही नाही.

"थेरडे, ऐकतेस का? उताणी हो! पाय सोड, नुसते हात मार!"

"चालतं ते?" ओर्लाने घाबरून विचारलं.

"कसं पोहायचं ते कुठं लिहिलंय नियमात? पोहायचं एवढंच लिहिलंय!"

डिम्फना उताणी झाली. पाण्याने तिला उचलून धरलं. वर राखाडी आभाळ होतं, आणि कडेला मॅलकीचं उलटं, लालबुंद तोंड तिच्याबरोबर गुडघ्यांवर सरकत होतं. "अजून. अजून. मार गं हात, अजून." कान पाण्याखाली गेले की आवाज बुजायचा, वर आले की शिव्या ऐकू यायच्या. किती गेलं, किती राहिलं, तिला कळेना. मग डोक्याला काहीतरी टणक लागलं. तिने मागे हात नेऊन चाचपलं. पाचवी कडी.

दोघांनी मिळून तिला वर ओढलं. ती धक्क्यावर बसली तशी तिला हसू फुटलं, ते थांबेचना. दात वाजत होते, मोज्यांतून पाणी गळत होतं, आणि येणारे सगळे बुधवार तिच्यापुढे मोकळे पडले होते. ओर्ला घोंगडी आणायला पळाली.

"नियम एवढा पाठ कसा रे तुझा?" डिम्फनाने विचारलं.

"एक अख्खा उन्हाळा मला दुसरं वाचायला काय होतं?"

त्याने अर्ज गुडघ्यावर घेतला. साक्षीदाराच्या रकान्यात 'पास' लिहिलं, पण सही करताना पेन अडखळलं. 

"मी दोर धरला असता तर?" ती म्हणाली.

"नापास लिहिलं असतं." त्याने पेन वर उचललं. "तू किती पटकन लिहिलंस तेव्हा."

डिम्फनाने एक मोजा काढून पिळला.

"दोनदा पास लिहून फाडलं," ती म्हणाली. "तिसऱ्या कागदावर नापास लिहिलं."