आम्ही येत नाही

भोंगा वाजला तेव्हा बेकरीवाल्याचे पाव भट्टीत होते आणि त्याच्या बायकोचे हात कोपरापर्यंत पिठात.

गल्लीतले लोक समोरच्या शाळेच्या तळघराकडे पळत सुटले. तळघराच्या दारात कंडक्टर उभा. लढाईआधी हा बसमध्ये तिकिटं फाडायचा. आता बॉम्बहल्ल्याचा भोंगा वाजला की लोकांना तळघरात घ्यायचं काम त्याच्याकडे आलं होतं, पण जिभेवरून बस काही उतरली नव्हती. "पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको! आत सगळी जागा रिकामी आहे!" आत पाय ठेवायला जागा नसायची.

माणसं कोंबून झाल्यावर तो रस्ता ओलांडून बेकरीशी आला. "काय बेकरीवाले, आज तरी?"

बेकरीवाल्यानं कमरेवर हात ठेवले, पोट पुढे काढलं. समोर गिऱ्हाईक असो की विमान, त्याची उभं राहायची पद्धत एकच. "आम्ही येत नाही. आम्ही बिळात शिरणारी माणसं नाही. काय पाडायचं ते पाडा म्हणावं, आम्ही इथंच."

रोज तो हेच म्हणायचा आणि रोज कंडक्टर इथूनच परत फिरायचा.

"आम्ही म्हणजे कोण हो?" आतून बायकोनं विचारलं.

"आं?"

"नाही, आम्ही म्हणजे कोण कोण, ते विचारतेय."

"अगं, आम्ही म्हणजे... आपण."

"आपण? मला कधी विचारलंत?"

कंडक्टर थांबला. विमानांची घरघर ऐकू यायला लागली होती, पण अशी मजा सोडून जातो कोण.

"लोकांकडे गेलं की, 'आम्हाला चहात साखर नको.' मला हवी असते. 'आम्हाला गाणंबिणं आवडत नाही.' मला आवडतं. आणि आता काय, तर 'आम्ही मरायला तयार.' अहो, मी कधी झाले तयार? भोंगा वाजला की माझे पाय लटपटतात. म्हणून तर मळत सुटते, मळताना हात थरथरलेले दिसत नाहीत."

बेकरीवाल्यानं कंडक्टरकडे बघितलं. कंडक्टरनं आभाळाकडे बघितलं.

"भित्री आहेस तू."

"आहेच. तुमच्यासमोर बोलायची भीती होती, ती आत्ता गेली. विमानांची अजून आहे."

"आणि पाव? भट्टी सोडून पळायचं? विमानवाल्यांना हेच पाहिजे, की आपण चूल विझवून बिळात बसावं. उद्या गल्ली खाईल काय?"

"भट्टी तुमची. मळणं माझं. मळायला भट्टी लागत नाही."

तिनं पिठाच्या परातीवर ओलं फडकं टाकलं, परात कमरेवर घेतली आणि पायरी उतरली. मळायची फळी कंडक्टरनं न सांगता उचलली. बेकरीवाला मागून ओरडला, "जा की! आमचं काही अडत नाही!"

ओरडला खरा, पण आता ह्या 'आमचं'मध्ये तो आणि मैद्याची पोती एवढेच उरले होते.

पहिला बॉम्ब लांब पडला, गोदामांच्या बाजूला. मांडणीवरचे डबे खाली आले. त्यानं ते उचलून जागेवर ठेवले आणि भट्टीत डोकावला. पाव अजून पांढरे होते. लांब दांड्याचं फावडं आत घालून त्यानं ते पुढेमागे केले.

दुसरा जवळ पडला. रस्त्याकडच्या खिडकीची अख्खी काच आत आली आणि मळायच्या टेबलावर पसरली. बायकोच्या पिठाळ बोटांचे ठसे टेबलावर ओलेच होते. त्यांच्यावर काचा उभ्या रुतल्या होत्या.

बेकरीवाल्यानं टेबलाकडे बघितलं. मग तो निघाला. आपण पळालो नाही, जरा भराभर चाललो, असं तो अजून सांगतो. गल्ली वेगळं सांगते.

तळघराच्या दारात तो आडवा अडकला. हातातलं फावडं ठेवायचंच राहिलं होतं आणि दांडा दाराहून लांब. आत जाता येईना, मागेही येता येईना.

"लांब सामान टपावर!" कंडक्टर ओरडला.

तळघर हसलं. केसांत चुना पडलेली माणसं पोट धरून हसली. कंडक्टरनं फावडं उभं करून त्याला आत ओढलं. "कोण कोण आलंय, बेकरीवाले?"

"मी," बेकरीवाला म्हणाला. धाप लागली होती. "मी आलोय. मला भीती वाटली."

बायको बाकावर फळी टाकून मळत बसली होती. तिनं वर बघितलं नाही, नुसती सरकली. तो तिच्याशेजारी बसला.

"टेबल..." त्यानं सुरुवात केली आणि पुढचं गिळलं.

"हात पुसा आधी," ती म्हणाली आणि पिठाचा एक गोळा तोडून त्याच्यासमोर टाकला.

तेवढ्यात वर धडाम् झालं. दिवा हलला, भिंतीतून माती गळली, कोणीतरी किंचाळलं. तिचे हात आता उघड उघड थरथरत होते. तिनं गोळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि फळीवर असा आपटला, की बॉम्बचा आवाज लहान वाटला.



"वहिनी," कोपऱ्यातल्या शिंप्यानं हात पुढे केला, "मला पण द्या एक."

मग शिंप्याच्या आईनं मागितला. मग कंडक्टरनं. परात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. आणि सगळं तळघर गोळे डोक्यावर उचलून, माना वर करून, पुढच्या बॉम्बची वाट बघत बसलं.